सफरचंदातला पोटभाडेकरू

आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर, यंत्राचे सुटे भाग आखणारा इंजिनिअर किंवा लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत सगळं करून देणारा डीटीपीवाला, यांपैकी कुणीही हौसेने मॅक विकत घेतला की पहिल्या आठवड्यात तो त्यावर काय बसवतो, हे बघण्यासारखं असतं. तो विंडोज बसवतो. ज्या विंडोजला कंटाळून, घरच्यांशी वाद घालून आणि हप्ते बांधून घेऊन त्याने कायमचा रामराम ठोकलेला असतो, तिलाच तो चार दिवसांत मागच्या दाराने आत घेतो. या कारभाराला व्हर्च्युअलायझेशन असं भारदस्त नाव आहे. खऱ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने एक काल्पनिक यंत्र उभं करायचं आणि त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम अशी चालवायची, की आपण काल्पनिक यंत्रावर चालतो आहोत याची तिला दादही लागू नये, असं त्याचं स्वरूप. जाणकार याला अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणतात आणि तो आहेही. माझं म्हणणं एवढंच, की डिझाइनच्या धंद्यात हा चमत्कार प्रामुख्याने अब्रू राखण्याच्या कामी येतो. माणसाचं मन ॲपलवर जडलेलं असतं आणि पोट विंडोजवर चालत असतं. दोघांची समोरासमोर गाठ पडू न देता एकाच डब्यात दोघांची सोय लावायची, आणि वर हा निर्णय आपण पूर्ण विचारांती घेतला असं चारचौघांत सांगायचं, यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

गंमत म्हणजे ही विद्या जन्माला आली ती काटकसरीच्या पोटी. १९६० च्या दशकातले आयबीएमचे मेनफ्रेम म्हणजे खोलीभर पसरलेली, डोळे पांढरे करणाऱ्या किमतीची यंत्रं. एवढं महाग यंत्र एका वेळी एकाच माणसाच्या हवाली करणं कुठल्याच संस्थेला परवडणारं नव्हतं. तेव्हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिजच्या आयबीएम केंद्रातल्या मंडळींनी युक्ती काढली, की एकाच यंत्राचे अनेक आभास निर्माण करायचे आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की अख्खं यंत्र आपल्या एकट्याचं आहे. १९७२ मध्ये आयबीएमने ही सोय व्हीएम/३७० या नावाने गिऱ्हाइकांपुढे ठेवली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी, एखाद्या यंत्राचा असा आभास उभा करायचा तर त्याच्या अंगी कोणते गुण हवेत, याच्या अटी रीतसर मांडल्या. थोडक्यात, एक यंत्र अनेकांनी वाटून घ्यावं आणि पैसे वाचवावेत हा मूळ हेतू. अर्ध्या शतकानंतर आपण तो बरोब्बर उलटा केला आहे. आता एकच माणूस दोन यंत्रांइतके पैसे मोजतो आणि ती दोन्ही एकाच पिशवीत मावली म्हणून समाधान मानतो. नाइलाजाचा असा शौक झाल्याचं दुसरं उदाहरण चटकन सापडणार नाही.

या व्यवहारात अब्रूचा भाग किती मोठा, याचा उत्तम पुरावा खुद्द ॲपलने पुरवला आहे. मॅकवर विंडोज चालवण्याची धडपड तशी जुनी. कनेक्टिक्स या कंपनीचं व्हर्च्युअल पीसी १९९७ मध्ये आलं होतं. पण तेव्हाच्या मॅकमध्ये पॉवरपीसी चिप, तर विंडोजला इंटेलची भाषा कळणार. त्यामुळे प्रत्येक हुकुमाचं भाषांतर करत सगळा कारभार रडतखडत चाले. पुढे २००३ मध्ये ते सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टनेच विकत घेतलं. मग जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलच्या चिपकडे वळत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २००६ मध्ये तसे मॅक बाजारात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती काढली. तिच्या जोरावर मॅक बंद करून पुन्हा सुरू करताना सरळ विंडोजमध्ये शिरता येई. आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या टीव्हीवर ॲपलच्या त्या गाजलेल्या जाहिराती सुरू झाल्या, ज्यांत सुटाबुटातला, गोंधळलेला पीसी आणि शेजारी खिशात हात घालून उभा असलेला तरुण, निवांत मॅक. एप्रिलमध्ये ज्याच्यासाठी घरात जागा करून दिली, त्याची मे महिन्यात जगापुढे टिंगल सुरू. जूनमध्ये मॅकसाठी पॅरलल्स डेस्कटॉप आलं आणि यंत्र बंद-चालू करण्याचीही गरज उरली नाही. दोन्ही संसार एकाच वेळी, एकाच पडद्यावर नांदू लागले. खुद्द कंपनीने घालून दिलेला हा कित्ता गिऱ्हाइकांनी गिरवला, तर त्यांना नावं कशी ठेवणार?

आता विचारावं, की डिझाइनवाल्यालाच विंडोजची एवढी गरज का? डिझाइन म्हणजे ॲपल, अशी तर जगाची समजूत आहे. ती निराधार नाही. पेजमेकर १९८५ मध्ये प्रथम मॅकवर आलं, इलस्ट्रेटर १९८७ मध्ये, फोटोशॉप १९९० मध्ये, तीही मॅकवरच. फार कशाला, ज्या एक्सेलपायी अर्धं जग विंडोजच्या दावणीला बांधलं गेलं, तेही १९८५ मध्ये मॅकसाठीच निघालं होतं. पण चित्र आणि अक्षर मॅकच्या वाट्याला आलं, तरी माप आणि जाडी विंडोजकडे गेली. नव्वदच्या दशकात त्रिमितीय आखणीची बडी सॉफ्टवेअरं युनिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर चालत. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स आलं ते मुळी साध्या पीसीवरच्या विंडोजसाठी. रेव्हिट, इन्व्हेंटर, थ्रीडीएस मॅक्स ही मंडळीही त्याच अंगणात वाढली आणि अजून तिथून हललेली नाहीत. त्या काळात ॲपल स्वतःच आचके देत होतं, तेव्हा त्याच्यासाठी कोण वेगळी आवृत्ती लिहीत बसणार? ऑटोकॅडने तर रिलीज १२ नंतर मॅकचा संसार मोडला आणि थेट २०१० मध्ये पुन्हा मांडला. पुन्हा मांडतानाही सगळी भांडी आणली नाहीत. विंडोजवरच्या आवृत्तीत आर्किटेक्चर, मेकॅनिकल वगैरे शाखांसाठी जे वेगळे टूलसेट मिळतात, ते मॅकवर नाहीत, आणि ऑफिसात वर्षानुवर्षं जपलेले व्हीबीएचे मॅक्रो मॅकच्या दारातच अडतात.

इथे माझ्या म्हणण्याचा गाभा येतो. यंत्र आपण निवडतो, हा आपला गोड गैरसमज आहे. यंत्राची निवड ते लोक करतात, ज्यांना आपली फाइल उघडायची असते. पुण्यातल्या आर्किटेक्टने कितीही देखणा मॅक घेतला, तरी त्याचा नकाशा महापालिकेच्या ऑटोडीसीआरच्या छाननीतून जायचा तर प्रीडीसीआरने ठरवून दिलेल्या लेयरमध्ये बसावा लागतो, आणि प्रीडीसीआरला विंडोजवरचं ऑटोकॅड लागतं. स्ट्रक्चरल कन्सल्टंट ईटॅब्स किंवा स्टॅड प्रो वापरतो, तीही विंडोजचीच. फ्लेक्स छापणाऱ्याला सीडीआर फाइल हवी असते, तीही त्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये उघडेल अशा आवृत्तीत उतरवून. कोरलड्रॉ २०१९ मध्ये मॅकवर परतलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. त्यात मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असला, तर ज्या यंत्रावर तो फॉन्ट आणि त्याचा कीबोर्ड बसवलेला आहे, त्या यंत्राबाहेर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांची रोमन बाराखडी होते. महापालिका, कन्सल्टंट, छापखाना आणि कंत्राटदार या चौघांनी आपल्या टेबलावरच्या यंत्राचा निर्णय आपल्याला न विचारता कधीच घेतलेला असतो. आपल्या हातात उरतो तो फक्त डब्याचा रंग.

पूर्वी निदान डब्यातली चिप तरी दोघांची एक होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप असलेले मॅक आणले आणि तीही सोयरीक संपली. त्या यंत्रांवर बूट कॅम्प नाही. चालते ती आर्म जातीच्या चिपसाठी वेगळी बांधलेली विंडोज, आणि ती पॅरलल्सवर चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. पण रेव्हिट किंवा सॉलिडवर्क्स अजून इंटेलच्याच भाषेत बोलतात. म्हणून आता एखाद्या भिंतीची जाडी नऊ इंचांवरून सहा इंचांवर आणायची असेल, तर काय घडतं पाहा. माउसचा क्लिक आधी मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. ती तो पॅरलल्सच्या स्वाधीन करते. पॅरलल्स तो एका अस्तित्वात नसलेल्या माउसचा क्लिक म्हणून विंडोजला सादर करतं. विंडोज तो रेव्हिटला कळवते. रेव्हिट इंटेलच्या भाषेत हुकूम सोडतं, विंडोज त्याचं आर्मच्या भाषेत भाषांतर करते. मग बदललेली भिंत दाखवायची म्हणून रेव्हिट डायरेक्टएक्सच्या बोलीत ग्राफिक्स कार्डाला विनंती करतं. ते कार्डही काल्पनिक असल्यामुळे पॅरलल्स ती विनंती ॲपलच्या मेटल या बोलीत आणतं, आणि अखेर ॲपलची चिप पडद्यावर भिंत काढते. भिंत तीन इंच बारीक झालेली असते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, हे कबूल. पण एवढ्या दुभाष्यांच्या हातून जाऊनही भिंत भिंतच राहते, याचं श्रेय ज्यांना मिळायला हवं त्या प्रोग्रामरांची नावं कुणाला ठाऊक नसतात, आणि ‘मॅकवर काय स्मूथ चालतं!’ ही दाद मात्र ॲल्युमिनियमच्या डब्याला मिळते.

दुभाष्यांचीही एक मर्यादा आहे. ॲप्लिकेशनचं भाषांतर होतं, ड्रायव्हरचं होत नाही. ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि तिथे आर्मसाठी स्वतंत्र लिहिलेलाच लागतो. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला यूएसबी डोंगल किंवा ऑफिसच्या कोपऱ्यातला वयोवृद्ध प्लॉटर यांच्यासाठी असा ड्रायव्हर कुणी लिहिला नसेल, तर पन्नास हजारांचं सॉफ्टवेअर अंगठ्याएवढ्या डोंगलसाठी रुसून बसतं. मग कीबोर्ड. ऑटोकॅडवाल्याची बोटं न बघता एफ३ आणि एफ८ वर पडतात, एक ऑब्जेक्ट स्नॅपसाठी, दुसरं ऑर्थोसाठी. मॅकबुकवर, सेटिंग बदलेपर्यंत, एफ३ दाबलं की उघड्या सगळ्या खिडक्या पडद्यावर पांगतात आणि एफ८ दाबलं की गाणं सुरू होतं. रेघ काटकोनात जावी म्हणून बटण दाबावं आणि क्लायंटसमोर लावणी वाजू लागावी, हा योग विंडोजच्या कुठल्याही लॅपटॉपने आजवर जुळवून आणला नव्हता. माउसची कथाही अशीच. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल फिरवायला आणि ऑटोकॅडमध्ये नकाशा सरकवायला मधलं बटण लागतं. ॲपलच्या देखण्या मॅजिक माउसला मधलं बटण नाही, चाकही नाही. २०१५ च्या आवृत्तीपासून चार्जिंगचं भोक मात्र पोटाखाली आहे, म्हणजे चार्ज होताना तो उताणा पडून राहतो. शेवटी त्या महागड्या यंत्राशेजारी कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा, वायरचा, तीन बटणांचा काळा माउस येऊन बसतो, आणि दिवसभराचं खरं काम तोच करतो.

आत राहणाऱ्या विंडोजची घरातली पायरी काय, हे समजायला पोटभाडेकरूची व्यवस्था आठवावी. घर ॲपलचं, करार आपला, आणि आतल्या खोलीत विंडोज. आधी जागेची वाटणी होते. १६ जीबी मेमरी असेल तर ८ त्याला, ८ आपल्याला. वास्तविक रेव्हिटच्या अलीकडच्या आवृत्त्या एकट्यासाठीच किमान १६ मागतात. एम१ नंतरच्या मॅकमध्ये मेमरी मागाहून वाढवता येत नाही, त्यामुळे बाल्कनी बंद करून खोली काढण्याचा आपला परंपरागत मार्गही बंद. अपडेट दोघांचे वेगळे, अँटिव्हायरसची काळजी त्याची वेगळी, डिस्कवरचं सामान तर त्याचं दर महिन्याला फुगतंच. आणि पाहुणे आले की त्याला आत बसायला सांगायची सोयही आहे. पॅरलल्समध्ये तिला कोहेरन्स म्हणतात. ती चालू केली की विंडोजचा डेस्कटॉप नाहीसा होतो आणि सॉलिडवर्क्सची खिडकी मॅकच्या खिडक्यांमध्ये घरचीच असल्यासारखी उभी राहते. विंडोजचं सगळं काम हवं, फक्त तिचं तोंड दिसायला नको. मेमरी, वेग आणि ड्रायव्हर यांपैकी एकाही अडचणीवर ही सोय उपाय करत नाही. काहीजण डेस्कटॉप पडद्यावर मावत नाही म्हणून ती वापरतात, हे खरं. बाकीच्यांना तो दिसायला नको असतो, आणि अब्रूबद्दलचं माझं म्हणणं त्या बाकीच्यांवर उभं आहे.

यावर मॅकवाल्यांची उत्तरं तयार असतात आणि त्यांतली काही वजनदार आहेत. पहिलं असं, की ॲपलची चिप इतकी वेगवान आहे, की भाषांतराचा तोटा सोसूनही ती सामान्य विंडोज लॅपटॉपच्या बरोबरीने चालते. द्विमितीय नकाशे, छोटी जोडणी, एखाद्या बंगल्याचं मॉडेल इथवर हे मान्य. पण मॉडेल मोठं झालं, लिंक केलेल्या फाइली वाढल्या, की नेमका त्याच वेळी तोटा अंगावर येतो. शिवाय सॉलिडवर्क्सचे निर्माते ॲपलच्या यंत्रांना अधिकृत पाठिंबा देत नाहीत, म्हणजे अडलं तर मदतकेंद्राच्या पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं की फोन चालू ठेवायचा, हे ठरवावं लागतं. दुसरं उत्तर सुरक्षिततेचं. काल्पनिक यंत्राचा स्नॅपशॉट काढून ठेवता येतो आणि काही बिघडलं तर पूर्वीच्या क्षणी परतता येतं. हा गुण खरा आणि मोठा आहे. फक्त तो व्हर्च्युअलायझेशनचा आहे, ॲपलचा नाही. विंडोजच्या यंत्रावर आणखी एक विंडोज अशी चालवली तरी तो तितकाच मिळतो. तसं कुणी हौसेने करत नाही, यावरूनच हौस कशाची आहे ते कळावं.

तिसरं उत्तर अधिक सरळ आहे: विंडोज हवीच कशाला, मॅकवर चालणारीच सॉफ्टवेअरं वापरा. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचं आर्चिकॅड ऐंशीच्या दशकापासून मॅकवर आहे. वेक्टरवर्क्स तर १९८५ मध्ये मिनीकॅड या नावाने मॅकवरच जन्मलं. राइनो आहे, ब्लेंडर आहे, ऑटोडेस्कचं स्वतःचं फ्यूजन आहे. ही सगळी उत्तम साधनं आहेत, आणि ज्याचं काम पीडीएफ देऊन संपतं त्याने खुशाल तीच घ्यावीत. त्याला या लेखातल्या एकाही दुःखाचा स्पर्श होणार नाही. पण ज्याला रोज दुसऱ्याची रेव्हिट फाइल उघडून, बदलून, परत पाठवायची आहे, त्याच्यापुढे मघाचे चौघे पुन्हा उभे राहतात. फाइल एका घरातून दुसऱ्या घरात नेताना भिंती पोहोचतात, पण त्या भिंतींना आपण भिंती आहोत हे आठवत असेलच असं नाही. चौथं उत्तर पाठीचं: दोन लॅपटॉप वाहण्यापेक्षा एक बरा. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्या एकाच्या मागे यंत्राचं, जादा मेमरीचं, विंडोजच्या परवान्याचं, पॅरलल्सच्या वार्षिक वर्गणीचं आणि मूळ डिझाइन सॉफ्टवेअरचं अशी पाच बिलं असतात. पॅरलल्सच्या वर्गणीत विंडोजचा परवाना येत नाही, हे बहुतेकांना वर्गणी भरल्यावर कळतं. पॅरलल्सचंच काम करणारं व्हीएमवेअर फ्यूजन २०२४ पासून धंद्यासाठीही फुकट झालं, त्यामुळे एक बिल टळू शकतं. पण उरलेल्या चारांची बेरीज करताना आवाज आपोआप खाली येतो.

तोडगा येतो आहे, आणि तो ज्या माणसाने हा पेच घालायला मदत केली त्याच्याकडूनच. सॉलिडवर्क्सचे संस्थापक जॉन हर्शटिक यांनी पुढे ऑनशेप काढलं. ते बसवायचं नसतंच, ब्राउझरमध्ये उघडायचं. त्याला मॅक, विंडोज, दोन्ही सारखेच. ही रीत जसजशी पसरेल तसतशी आतल्या खोलीची गरज संपत जाईल. महापालिकेची छाननी आणि फ्लेक्सवाल्याची सीडीआर त्या रांगेत शेवटी असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. तरी एक दिवस कुठलीही फाइल कुठल्याही यंत्रावर उघडेल, आणि त्या दिवशी मॅक घेण्याला सुरक्षितता, स्नॅपशॉट, एक पिशवी यांपैकी एकही सबब पुरणार नाही. मॅक घ्यायचा तर ‘मला आवडतो म्हणून’ एवढंच म्हणावं लागेल. माझ्या मते ते कारण आजही पुरेसं आहे. माणूस घड्याळ आवडीने घेतो, चष्म्याची फ्रेम आवडीने निवडतो, मग दिवसाचे दहा तास ज्याच्यासमोर काढायचे ते यंत्र आवडीने निवडलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते आवडीला हिशेबाचे कपडे चढवल्यावर, कारण मग तो हिशेब कुणीतरी तपासतो. तेव्हा मॅक खुशाल घ्यावा, त्यात विंडोजही बसवावी, आणि कुणी कारण विचारलंच तर आवडतो म्हणून सांगून मोकळं व्हावं. सीए मात्र एवढ्या उत्तरावर घसारा लावू देणार नाही, म्हणून त्याच्यासाठी व्हर्च्युअलायझेशन हा शब्द राखून ठेवावा.